आमच्या खोलीचं खरं माप

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून हे सोपं आहे. आमच्या खोलीत खरोखर आडवं पडून नमस्कार घालायचा तर आधी आईचं शिलाईमशीन उचलून जिन्यात ठेवावं लागतं, आणि ते जिन्यात ठेवलं की वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंना ड्यूटीवर जाता येत नाही.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे हे तू मागे सांगितलंस, पण ते ज्या सुरात सांगितलंस त्यावरून उजव्याचा अंदाज आला. आम्ही दोघी ठीक आहोत. ठीक म्हणजे किती, ते पुढे येईलच.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. तू फोन लाउडस्पीकरवर टाकून भाजी निवडतेस. मागच्या वेळी मी माझ्या दाढेबद्दल बोलत होते तेव्हा तुझ्या शेजारणीने मध्येच औषध सुचवलं. औषध चांगलं निघालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या पत्रातला मजकूर तुझ्यापुरता आहे. शिवाय हे आईसमोर बोलता येत नाही, आणि आमच्या खोलीत आईसमोर नसलेली जागा नाही.

मुद्दा जागेचाच आहे. मालकांनी खोली सोडायला सांगितलं आहे. माणूस वाईट नाही. (सांगताना त्यांनी आईकडे दोनदा पाणी मागितलं.) त्यांच्या मुलाला खाली सलूनशेजारी दुकान टाकायचं आहे आणि माल ठेवायला वरची खोली हवी आहे, वरची खोली म्हणजे आम्ही. थंडी संपेपर्यंत राहा, म्हणाले. मी काही रविवार बाहेर जागा बघत फिरले. आमच्या कमाईत बसणारी एकच मिळाली. तिला खिडकी नव्हती, आणि दलालाने त्याचं वर्णन ‘धूळ अजिबात येत नाही’ असं केलं. मग गृहमंडळाचा अर्ज तेवढा राहिला. कमी उत्पन्नाच्या लोकांना मंडळ कमी भाड्याची घरं देतं, हे आईलाही पूर्वीपासून माहीत होतं; पण ती घरं ‘गरजू लोकांसाठी’ असतात असं ती म्हणायची, आणि म्हणताना दुसऱ्याच्या पँटची शिलाई उसवत असायची. अटी साध्या आहेत. घरात राहणाऱ्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. कुठे स्वतःचं घर नसावं. आणि सध्याची जागा अपुरी असावी. किती अपुरी ते मंडळाचं माणूस येऊन बघतं आणि गुण देतं. जास्त हाल, जास्त गुण. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती आणि आईची कमाई कपडेदुरुस्तीची, त्यामुळे उत्पन्नाच्या मर्यादेत आम्ही आरामात बसत होतो. (आरामात बसायची आमच्याकडे तेवढी एकच जागा होती.)

पुढचं कळण्यासाठी माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण तू लोकांना मी ‘लॅबमध्ये डॉक्टरसारखं काहीतरी’ करते असं सांगतेस. आम्ही मोजायची उपकरणं तपासतो: दाबमापक, वजनकाटे, अंतरमापक. एखादं उपकरण बरोबर आहे असं आम्ही कधीच लिहीत नाही. ते किती चुकतं तेवढं लिहितो, मागे स्टिकर लावतो आणि सही करतो. ही सवय घरी फारशी उपयोगी पडत नाही.

घरपाहणीचं पत्र आलं तेव्हा मी आईला नीट समजावलं, की येणाऱ्या बाईंना आपली गैरसोय बघायची आहे, तेव्हा आहे तसं असू दे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे घर बघायला येणार.” आता, आत्या, तू तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतेस. बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांसाठी जिने आधी पडदे धुतले, ती सरकारी माणसाला गैरसोय दाखवेल हे मी कुठल्या आधारावर गृहीत धरलं, ते मला सांगता येणार नाही. मी अर्धी रजा टाकून घरी पोचले तेव्हा खोलीत सोफा होता.

सोफा शेजारच्या कंडक्टरकाकांचा. (त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला, पण जिन्यात कुणी उभं दिसलं की ते अजून ‘पुढे सरका’ म्हणतात.) काचेचं कपाट नर्सताईंचं, आतल्या कपबश्यांसकट. आणि समोरच्या भिंतीला टेकवून, कमरेपासून छतापर्यंत, खालच्या सलूनमधला मोठा आरसा. आमचं मशीन, घडीची खाट, कापडाची गाठोडी यातलं काहीही दिसत नव्हतं. ते सगळं नर्सताईंकडे हलवलं होतं. सोफ्याच्या अगदी कडेला आई बसली होती, इस्त्रीच्या कपड्यांत, आपण दुसऱ्याच्या घरी बसतो तशी. मी म्हटलं, हे काय. ती म्हणाली, “कसली माणसं आहेत ते बघूनच देणार ना घर? की रस्त्यावरच्या कुणालाही देतात?” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात दार वाजलं.

तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, दमलेल्या, खांद्याला इतकी भरलेली बॅग की चालताना एका बाजूला झुकत होत्या. त्यांनी आत पाहिलं, मग दारावरचा नंबर पाहिला, मग पुन्हा आत पाहिलं. बॅगेतून लेसरचं अंतरमापक काढलं. हे उपकरण दाराकडच्या भिंतीला टेकवून बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतराचा आकडा येतो. आकडा आला. आमची खोली सात मीटर चाळीस निघाली. आई खुलली. मला कारण लगेच दिसलं: किरण आरशावर पडून उलट फिरला होता आणि पुन्हा दाराकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आला होता. उपकरणाने दोन्ही अंतरं इमानाने मोजून बेरीज केली होती. मी म्हटलं, आकडा चुकीचा आहे, खोली याच्या निम्मी आहे. बाई म्हणाल्या, “ऑफिसचं मशीन आहे, चुकायचं नाही.” (सगळी उपकरणं चुकतात. पण हे मी गिळलं.) त्यांनी ते उलटं करून मागचा स्टिकर माझ्यासमोर धरला. “बघा, तपासलेलं आहे. खाली सहीसुद्धा आहे.”

सही माझी होती.

मी तसं सांगितलं. सांगायला नको होतं. सवलतीच्या तिकिटासाठी वय चोरणाऱ्याकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे हे नीट मोजतं अशी सही तुम्हीच करणार, आणि तुमच्या घरात आलं की ते चुकतं असंही तुम्हीच सांगणार?” मी म्हटलं, उपकरण बरोबर आहे, खोली चुकली आहे. (आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या उपकरणाला बरोबर म्हटलं, आणि तेही आमच्याच विरुद्ध.) आईने कपाळाला हात लावला.

आरसा काढून पुन्हा मोजायचं, एवढंच करायला हवं होतं. पण आरसा निघायला कपाट सरकायला हवं, कपाट सरकायला सोफा, आणि सोफा सरकायला आम्ही तिघींनी बाहेर जायला हवं. हा पेच सुटण्याआधीच सलूनवाला वर आला. मागोमाग एक गिऱ्हाईक, गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या तोंडाला साबण. सलूनवाला आईला म्हणाला, “ताई, झालं का तुमचं? हे साहेब आरशात बघितल्याशिवाय मिशीला हात लावू देत नाहीत.” आणि आम्ही काही बोलायच्या आत गिऱ्हाईक सोफा ओलांडून आरशासमोर उभं राहिलं, मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि “डावीकडून किंचित” म्हणालं. सलूनवाल्याने वरच्या खिशातून कात्री काढली. हे चालू असताना कंडक्टरकाका दुपारची झोप घ्यायला आले, कारण सोफा त्यांचा होता आणि सवय सोफ्याहून जुनी. बाई सोफ्यासमोर उभ्या होत्या. काका त्यांना म्हणाले, “पुढे सरका,” आणि आडवे झाले. बाईंनी आईला विचारलं, हे कोण. एवढं होऊनही आईने शेवटपर्यंत कबूल केलं नाही की सामान आमचं नाही. “घरचेच म्हणा,” ती म्हणाली.

पाहणीत लिहिलं गेलं ते असं: खोली प्रशस्त, सामान उत्तम, जागेत केशकर्तनाचा व्यवसाय चालतो, आणि एक झोपलेले गृहस्थ आढळले, ज्यांचा अर्जात उल्लेख नाही. गुण शून्य.

मी फेरपाहणीसाठी अर्ज दिला. छोटासाच, सोबत किरणाच्या मार्गाची आकृती जोडली. (आकृती कुणी बघितली नाही, पण तिच्यामुळे अर्ज जाड झाला आणि लवकर हातात आला, असं खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं.) आईला मी एका शब्दाने बोलले नाही. चूक तिथे झाली. माझ्या गप्प बसण्याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला, आणि बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा खोलीत काहीच नव्हतं. सोफा-कपाट तर नव्हतंच, पण मशीन नाही, खाट नाही, भांडी नाहीत, वरचा दिवासुद्धा काढून ठेवलेला. उघड्या फरशीवर आई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर जुने, विटलेले कपडे. आपले कपडे ती फाटायच्या आत दुरुस्त करते, त्यामुळे तसलं काही तिच्याकडे नव्हतं. तेही नर्सताईंकडून मागून आणले होते.

बाईंनी विचारलं, झोपता कुठे. आई म्हणाली, “झोप कुठली यायला, बाई.” स्वयंपाक? “भूकच मेलीय.” बाई म्हणाल्या, “मागच्या वेळी इथे सोफा होता.” आई म्हणाली, “विकला.” “आणि त्यावर झोपलेले ते गृहस्थ?” आईने क्षणभर विचार केला आणि मान खाली घालून म्हणाली, “गेले.” त्याच वेळी जिन्यातून खणखणीत आवाज आला, “पुढे सरका!”

बाई लिहू लागल्या. मला उलटं वाचता येतं. कामात ती सवय होते. ‘अर्जदार या जागेत राहत असल्याचं दिसून येत नाही.’ आत्या, हे वाक्य साधं नव्हे. कमी गुण पडले तर रांगेत मागे जातो, पण या वाक्याने अर्ज कायमचा निकालात निघतो, आणि थंडी निम्मी सरली होती. मी तोंड उघडलं. पण काय सांगणार होते? मागच्या वेळी आमच्याकडे जे होतं ते आमचं नव्हतं, आणि आता जे नाही ते आमचं आहे, हे खरं असलं तरी ऐकायला बरं वाटत नाही.

बाईंनी फाइल बॅगेत कोंबली आणि बॅगेची चेन तुटली. तुटली म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलली. फाइली, छत्री, डबा, एक चप्पल, सगळं फरशीवर. आईने ती चेन बघितली. त्यानंतरचं तिच्या हातात नव्हतं. “कुणी लावली ही?” ती उठून म्हणाली. “अशा ओझ्याला ही असली नाजूक चेन लावतात का? आणा इकडे.” बाई नको नको म्हणत होत्या. आईने जिन्यात तोंड काढून हाक मारली, “नर्सताई, मशीन द्या गं खाली!” मशीन आलं. मशीन आलं म्हणून स्टूल आलं. दिसेना म्हणून दिवा आला. जाड चेन गाठोड्यात होती म्हणून गाठोडी आली, ती फरशीवर मळतील म्हणून खाट आली, आणि बाईंना नुसतं कसं बसवायचं म्हणून भांड्यांतलं एक पातेलं चहासाठी आलं. प्रत्येक वस्तू थेट आपापल्या जागी जाऊन बसली, कारण आमच्याकडे प्रत्येक वस्तूला एकच जागा आहे. चेन लागेपर्यंत खोली भरली होती. बाई खाटेवर होत्या, गुडघे मशीनला टेकलेले, मांडीवर एक गाठोडं, हातात कप. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“रोज असंच?” त्यांनी विचारलं.

“छे, रोज कुठे,” आई दातांत धागा धरून म्हणाली. “आज तुम्ही आहात म्हणून जरा अडचण. एरवी तिथे ही बसते.” आणि तिने माझ्याकडे बोट केलं. मी दाराबाहेर, जिन्यात उभी होते.

बाईंनी आधीचं वाक्य खोडलं. मग अंतरमापक काढलं, पण ठिपका पाडायला रिकामी भिंत सापडेना. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. सही तुमचीच ना?” मी सांगितलं. तीन मीटर सत्तर. त्यांनी तसंच लिहिलं. (आई चेनचे पैसे घेईना. मी म्हटलं घे, नाहीतर ती लाच ठरेल. त्यावर तिने माझ्याकडे, तू घरात असताना तुझ्याकडे बघते, तसं बघितलं, पण घेतले.)

आम्हाला भरपूर गुण पडले. नाव यादीत वर आहे. मंडळाने नमुन्याचं घर बघायला बोलावलं तेव्हा आई आधी दारातच थांबली, चप्पल कुठे काढायची ते कळेना म्हणून. एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर आतच. खिडकी अशी की मशीन लावलं तर उजेड डाव्या हाताने येतो. आई तिथे जाऊन उभी राहिली आणि हाताखाली कापड असल्यासारखा हात सरकवून पाहिला. मग म्हणाली, “तुझी खाट त्या भिंतीला. पाय लांब करून झोप एकदाची.” मी बरं म्हटलं.

तेव्हा घराचं काम मार्गी लागलं आहे. काळजी नसावी. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
भाची

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नव्हती, ठेवली होती.) मी प्रयोगशाळेत कायम झाले. पगार वाढला. कागद द्यायला मंडळाच्या खिडकीवर गेले तेव्हा कारकुनाने आधी “अभिनंदन” म्हटलं, मग बेरीज केली आणि “अरेरे” म्हटलं. दोघींचं मिळून उत्पन्न आता मर्यादेच्या वर जातं. फार नाही, जरासंच. पण मंडळ जरासं मानत नाही, आणि तो माझाही धर्म असल्यामुळे मला भांडता आलं नाही. दाबमापकात काटा सुरू होण्याआधी एक पट्टा असतो. तिथे दाब असतो, पण काटा हलत नाही. मी सध्या त्या पट्ट्यात राहते: मंडळाच्या घरासाठी जास्त, बाहेरच्या भाड्यासाठी कमी. कारकुनाने मग हळूच एवढं सांगितलं, की अर्जात आई एकटी असेल तर ती पात्र आहे, आणि तेच घर मिळेल. कायम व्हायला नकार द्यावा, असा विचार मी एक दुपारभर केला. पण आई माझ्या साहेबांना जाऊन भेटली असती, पडदे धुऊन. कायम झाल्याचं तिला माहीत आहे. बेरजेचं मी सांगितलेलं नाही.

तेव्हा मागणं असं. तुझी मागची खोली, जिथे तू बरण्या ठेवतेस. तुझ्या कोपऱ्यावरून आमच्या प्रयोगशाळेची बस जाते, हे मी पाहून ठेवलं आहे. पण हे माझ्याकडून आलेलं चालणार नाही, आणि तू देऊ केलेलं तर मुळीच चालणार नाही. तू आईला एक पत्र लिही. गुडघ्याबद्दल लिही, दोन्ही गुडघ्यांबद्दल लिहिलंस तरी हरकत नाही. एकटीला निभत नाही, मुलीला माझ्याकडे राहायला पाठवलंस तर उपकार होतील, असं लिही. ‘उपकार’ हा शब्द वगळू नकोस. आई तुझे उपकार घेणार नाही. पण तुझ्यावर करायची संधी ती माझ्या जन्माआधीपासून शोधते आहे.

आणखी ता. क. वरचं लिहून पाकीट चिकटवत होते, तेव्हा आईने मशीनवरूनच विचारलं, कुणाला लिहितेस. तुला, म्हटलं. मग ती म्हणाली, “वन्संना विचार, त्यांच्या त्या मागच्या खोलीच्या खिडकीचं माप काय आहे. एक पडदा शिवून द्यावा म्हणते. आणि त्यांना आता एकटीला राहवत नसणार, कुणीतरी तरुण माणूस हवं सोबतीला. हे मी म्हटलं असं नको लिहूस, त्यांना वाटेल मी तुला घालवतेय. तुझं तुला सुचलं असं लिही.” अटींचा कागद तिने कधी आणि कितीदा वाचला, मला माहीत नाही. बेरीज करायला तिला कारकून लागला नसणार. माझ्याकडे पाठ होती. मशीनमध्ये कापड नव्हतं, पाय मात्र पायपट्टीवर चालू होता. मी लिहिते म्हटलं.

तेव्हा तू ते पत्र लिहीच, मी सांगितलंय तसंच. तिला ते आलेलं हवं आहे. आणि खिडकीचं माप कळव. टेपने घे. थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. (हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.)